टिंबांची जागा

छापखान्यात त्यांना सगळे लालपेनबाई म्हणत. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढत आलेली बाई. बहिणीच्या आजारपणात औषध द्यायला बसल्या तरी आधी बाटलीवरची छपाईची चूक दाखवायच्या, आणि बहीण कण्हत म्हणायची, "अगं, आधी औषध तर दे!"

जुनं दैनिक बंद पडलं तेव्हा बाईंना काम मिळालं ते एका अतिरेकी संघटनेच्या साप्ताहिकात. साप्ताहिक कसलं, खुनाची जाहिरात नुसती! पहिल्या पानावर 'शत्रूची पळापळ', आत जळक्या गाड्यांचे रंगीत फोटो, आणि शेवटच्या पानावर 'अमर वीर', दर आठवड्याला एक नवा हसरा तरुण. कागद मात्र गुळगुळीत आणि मथळे कसे नेटके! "मी अक्षरं बघते, अर्थ नाही," असं बाई बहिणीला ठणकावून सांगत. डोळे उघडे ठेवून आंधळं राहायची ही सोय त्यांनी दोन वर्षं सुखाने वापरली.

'अमर वीर'चं पान त्यांच्याकडे सोमवारी येई. त्यात एका ठिकाणी टिंबं असत: 'शत्रूचे ..... जण ठार.' आकडा कळायचा बाकी असेल, असं समजून बाई समासात 'आकडा?' असं लिहीत आणि पुढे सरकत. शुक्रवारी अंक निघे तेव्हा आकडा भरलेला असे.

त्या सोमवारी पान समोर आलं, तर फोटोत बाईंचा भाचा हसत होता.

बहिणीचा एकुलता एक मुलगा, फ्रिज दुरुस्त करणारा. खाली मजकूर: 'भर बाजारात हसत हसत देहाचा स्फोट केला. शत्रूचे ..... जण ठार.' आणि चौकटीत आईचे उद्गार: 'असे आणखी दोन असते तर तेही दिले असते.'

अहो, सकाळीच तर त्याने बाईंचा फ्रिज चालू करून दिला होता आणि जाताना दोन केळी उचलून नेली होती! मग डोक्यात लख्ख उजेड पडला. टिंबं बातमीची वाट बघत नव्हती, माणसं मरायची वाट बघत होती. दोन वर्षं बाईंनी जिवंत पोरांचे मृत्युलेख तपासले होते, तेही मन लावून. त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

'डोकं दुखतंय' असं सांगून, पान पर्समध्ये कोंबून त्या थेट बहिणीकडे गेल्या. भाचा आईबरोबर जेवत होता. बाईंनी पान त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

बहिणीने आधी चौकट वाचली. "हे मी कधी म्हटलं? मला विचारलं कुणी?"

भाच्याने पान दोनदा वाचलं. "मावशी, मला फक्त पेटी ठेवून यायला सांगितलंय. परवा. ठेवून परत ये, म्हणाले होते."

"पेटीत काय आहे?"

"ते विचारायचं नसतं."

"आणि तू विचारलं नाहीस? बाजारात माणसं नसतात का रे?"

बहिणीने उष्ट्या हातानेच त्याच्या मुस्काटात ठेवून दिली, आणि मग त्यालाच धरून रडत बसली.

तासाभरात तिघंही पान घेऊन पोलिसांत गेली. बुधवारी बाजार बंद ठेवला, छापखान्याला कुलूप लागलं, संपादक पसार झाला. भाचा कोठडीत गेला. पण धडधाकट होता, आणि बहिणीला तेवढं पुरे होतं.

शुक्रवारी बाईंनी दार उघडलं तर उंबऱ्याशी अंक पडलेला. दुसरीकडे कुठेतरी छापला होता, कागद तसाच गुळगुळीत. शेवटच्या पानावर दुसराच हसरा पोरगा, दुसऱ्याच शहरातला बसस्टँड. टिंबांच्या जागी अकरा. आणि चौकटीत आईचे उद्गार: 'असे आणखी दोन असते तर तेही दिले असते.'

बहिणीच्या नावावरचं वाक्य दुसऱ्या आईच्या तोंडी घातलं होतं. तिच्या घरी सोमवारी पान घेऊन कुणी मावशी गेली नव्हती.