वडिलांच्या नावाचा रकाना

माझ्या धाकट्या भावाची बायको फिलिपिन्सची. भाऊ आखातातल्या एका हॉटेलात स्वयंपाकी आहे, तिथंच दोघांची गाठ पडली. लग्नही तिकडंच झालं. मी गेलो नाही. रजा मिळाली नाही असं सगळ्यांना सांगितलं. रजेचा अर्ज मी केलाच नव्हता, हे आज पहिल्यांदा लिहितोय.

लग्नानंतर भावजय गंगाखेडला आमच्या घरी राहायला आली. मराठी ती माझ्या आईकडून शिकली, त्यामुळं भाजीवाल्याला "लय महाग लावायलाव की मामा" म्हणते, आणि तो आधी तिच्या तोंडाकडं बघतो, मग भाव कमी करतो. माझ्याशी मात्र ती चार वर्षांत एक शब्द बोलली नव्हती. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. मी समोर बसलेलो असलो तरी ती आईला म्हणायची, "दादांना इचारा, चहा पाहिजे का." मी आईला सांगायचो, "अर्धा कप म्हणावं." रीत गावातून कधीच उठली होती. मीच ती धरून बसलो होतो, कारण मला ती फार सोयीची होती.

गेल्या वर्षी तिला गावातल्या एका इंग्रजी शाळेत नोकरी लागली. परदेशी बायकोला इथं राहून काम करता यावं म्हणून सरकार जे कार्ड देतं, ते तिच्याकडं होतं. पॅन कार्ड नव्हतं. मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं, महिनाअखेरपर्यंत पॅन आणा, नाहीतर जागा दुसऱ्या बाईंना द्यावी लागेल. भावाचा आखातातून फोन आला, "दादा, तेवढं तूच कर." मी कॉलेजात कारकून. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे फॉर्म माझ्या अक्षरात आहेत. मी म्हणालो, त्यात काय.

माझ्या बायकोकडून भावजयीचा पासपोर्ट मागवून घेतला आणि परदेशी नागरिकांसाठी असतो तो वेगळा फॉर्म घरीच बसून भरला. सगळं बसलं, फक्त वडिलांच्या नावाचा रकाना राहिला. पासपोर्टावर वडील कुठंच नव्हते. पण तिचं नाव, मग मधलं नाव, मग आडनाव, असं व्यवस्थित छापलेलं होतं. मधलं नाव कुणाचं असतं हे आपल्याकडं पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं. मधल्या नावाला आडनाव जोडून मी तिला एक बाप तयार करून दिला.

फॉर्म घेऊन बसस्टँडजवळच्या पॅन कार्डाच्या सेंटरवर गेलो. सेंटरवाला माझ्याच वयाचा, सावध माणूस. म्हणाला, "सर, मधलं नाव बापाचंच असंल का? बाहेरच्या देशातलं हाय. ताईंना एक फोन लावू का?"

"पासपोर्टावर छापलेलं हाय. त्यात काय इचारायचं?"

खरं म्हणजे तिचा नंबरच माझ्याकडं नव्हता.

कार्ड आलं तेव्हा महिना संपायला दोन दिवस होते. आई शेंगा फोडत बसली होती. भावजयीनं पाकीट उघडलं, कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं.

"आई, हे माझ्या बापाचं नाव न्हाई."

"मग कुणाचं हाय?"

"मामाचं आडनाव हाय. आमच्याकडं मधी आईचं माहेर लिवतेत."

आईनं हातातली शेंग खाली ठेवली. "म्हंजे ह्यांनी मामालाच बाप केला की."

माझी बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. मी वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणालो, "सेंटरवाल्यानं घोळ केला असंल."

एवढंच म्हणालो. आईनं तेवढ्यावर चपला घातल्या. मला गाडी काढावी लागली.

"बाबा," आई सेंटरवाल्याला म्हणाली, "बाप कोण अन् मामा कोण, कळत न्हाई का तुला? तुझ्या लग्नात मामा कुठं हुबा होता?"

"पाठीमागं, मावशी."

"मग ह्यात पुढं कसा आला?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी गाडीचा आरसा नीट करत होतो. "चुकलं मावशी," तो म्हणाला.

संध्याकाळी भावजयीनं आईला सांगितलं, चुकीच्या बापाचं कार्ड मी शाळेत देणार न्हाई. तिचे वडील तिकडं त्यांच्या गावात तीनचाकी रिक्षा चालवतात, त्यावर चार लेकरं शिकवली, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. दुरुस्तीला काही आठवडे लागणार होते आणि नोकरीची मुदत संपायला दोनच दिवस होते. मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो.

"तुझ्या वडिलांचं नाव काय?"

आई गडबडली. "मला सांग, मी इचारते."

पण तिनं मलाच उत्तर दिलं. सावकाश, एकेक अक्षर सोडवून. मग पासपोर्टातून चौघडी घातलेला कागद काढून माझ्यापुढं धरला. मी भरलेला कच्चा फॉर्म. तिथंच विसरला होता.

"अक्षर लय चांगलं हाय, दादा," ती म्हणाली. "सेंटरवाल्या भाऊंना आई लय बोलल्या. तुमी आईला खरं सांगा. कार्डावरला नंबर तर बरोबर हाय न्हवं? मग मी परवा शाळेत कार्ड देते."

मी रात्र जाऊ दिली. सकाळी सांगितलं. आईनं चपला घातल्या. म्हणाली, "गाडी काढ."

सेंटरवर सात-आठ माणसं रांगेत होती. आईनं मला पुढं केलं. "बाबा, ज्यानं मामाला पुढं आणला तो हा."

"सोडा मावशी. मला ठावं होतं." सेंटरवाल्यानं दुरुस्तीचा फॉर्म उघडला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "ताईंना फोन लावू का, सर?"

"लावा," मी म्हणालो, आणि नंबर सांगितला. आदल्या संध्याकाळीच घेतला होता.

दुरुस्तीची पावती कार्डाला जोडून ती शेवटच्या दिवशी शाळेत गेली. मुख्याध्यापिकाबाईंनी नंबर उतरवून घेतला आणि तिला तिसरीचा वर्ग दिला. नवं कार्ड आलं तेव्हा तिनं वडिलांना व्हिडिओ कॉल लावला आणि कार्ड मोबाइलपुढं धरलं. त्यांनी ते वाचलं आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. मी नेहमीसारखं आईकडं पाहिलं. आईनं मान फिरवली.

"दादा," भावजय म्हणाली, "बाबा इचारायलेत, तुमच्या वडिलांचं नाव काय?"