रुमालाखालचा सौदा

मी बैलांचा व्यापारी. धानोऱ्याकडे दुसऱ्यांची जनावरं हाकण्यापासून सुरुवात केली. आज दावण माझी, गाडी माझी. बैल चार पावलं चालला की त्याचं पोट भरलेलं आहे की नाही ते मी सांगतो. आणि माझ्याच घरात बारावीतली पोर वाळत चालली होती. वर म्हणायची, "पप्पा, मी फुगी ऱ्हायनू ना!"

याचं मूळ माझ्या साडूच्या तोंडात आहे. नात्यातल्या एका साखरपुड्याच्या पंगतीत माझ्या पोरीच्या ताटाकडे बघून तो बोलला, "काय साडूभाऊ, ढोरेसनी ढेप पोरले चारस का?" जनावरांची पेंड पोरीला! सगळे हसले, पोरही हसली. मग तिची भाकरी अर्धी झाली, चतकोर झाली. सुरतेला आम्ही तिला दाखवतो त्या डॉक्टरीणबाई म्हणतात, असा न खाण्याचा आजार एका वाक्यानं होत नाही. असेल. साडूशी मी अजून बोलत नाही.

या आजारात माणसाला स्वतःचं अंग कसं दिसतं, याचा बाईंच्या दवाखान्यात अभ्यास चालू होता. पोर तयार झाली. तिच्या अंगाची मापं घेतली, डोळ्यांवर जाड व्हीआर चष्मा बांधला, हातात बटण दिलं. चष्म्यात एक पुतळी, चेहरा कोरा. बटण दाबून ती जाड-बारीक करत स्वतःएवढी करायची. तिला दिसे ते आम्हाला पडद्यावर दिसत होतं. पुतळी पोरीच्या दुप्पट झाली तेव्हा ती थांबली. "हाई मी शे."

मी भडकलो. "बाई, तुमचं यंत्र बिघडलंय!"

"यंत्र ठीक आहे, काका. तिला असंच दिसतं."

म्हणजे वर्षभर मी ज्याला हट्ट म्हणत होतो, तो हट्ट नव्हताच.

बाईंनी शेजारी दुसरी, बारीक पुतळी उभी केली. पोरीनं हवेत हात लांबवला, जणू तिचा दंड चाचपत होती. "पप्पा, हाई पोर कोन शे? तिले घरमा कोनी खावाले देतस नही का?"

बाई हळूच म्हणाल्या, "ही तुझ्याच मापांची आहे."

चष्मा काढल्यावर ती बराच वेळ स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिली. बाईंनी बजावलं, एवढ्यानं बरं होत नाही, उपचार चालूच ठेवा.

परतताना विसरवाडीला ढाब्यावर बसलो. बैलांचा भाव आम्ही रुमालाखाली बोटं धरून ठरवतो, बघणाऱ्याला कळू नये म्हणून. ती लहान असताना आम्ही तसं खेळायचो. काय मागवायचं, ती सांगेना. मग तिनं एकदम ओढणी माझ्या हातावर टाकली. मी खालून तिची तीन बोटं धरली, म्हणजे तीन भाकरी. तिनं माझं एकच धरलं आणि मधल्या पेरावर नख ओढलं. अर्धी.

"आशी कशी चालई? मन्हा धंदा बुडाडशी तू!"

"बाजारभाव पडेल शे, पप्पा."

किती महिन्यांनी ती हसली होती. खूप ओढाताण झाली, शेवटी सौदा पटला. तिनं सावकाश खाल्लं, पण ताटात काही ठेवलं नाही. मी पाणी पिण्याच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

घरी दारातच बायकोनं विचारलं, "काय झाये?"

"अर्धीवर अडेल व्हती," मी म्हटलं, "एकवर आनी."