महिनाभर टिकणारं सारवण

साळूबाईचा हात फिरला की जमीन तुळतुळीत व्हायची, आणि हे सांगायला तिला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. ती स्वतःच सांगायची. बाई तोंडाची फटकळ. पोलीस ॲक्शनला बारा-तेरा वर्षं होऊन गेली होती. उस्मानपुऱ्यातल्या घरांत शहाबादी फरशी येऊ लागली होती, पण ती बहुधा पुढच्या खोलीपुरती. स्वैपाकघर आणि मागची खोली अजून मातीचीच असे. अशा चार घरी साळूबाई सारवायला जायची. मुकुंदवाडीहून निघायचं, रुळाच्या कडेकडेनं पायी यायचं, आणि ऊन चढायच्या आत पहिलं घर उरकायचं. फरशीचं कुणी कौतुक केलं की म्हणायची, "थंडीत पाय ठिवून बघा तिच्यावर, मंग माझी याद यील."

जमीन बघून ती घरातलं सगळं सांगायची. सासरेबुवा कुठं बसतात, सून पाणी कुठं सांडते, कोण पाय घासत चालतं. रांगतं लेकरू असलेल्या घरी तर ती शेणातली काडी न् काडी बोटांनी वेचून काढायची, गुडघ्याला टोचू नये म्हणून. आणि चार दिवसांनी पुन्हा गेली की गुडघ्यांनी घासलेल्या दोन चाकोऱ्या बघून हसायची. "डाव्या गुडघ्यावर जोर हाय पोराचा," म्हणायची, आणि ते खरं निघायचं.

तिची स्वतःची लेक आवडा. लग्नानंतर सात वर्षांनी झालेली, म्हणून नावही तसंच ठेवलेलं. नवरा पुंजाराम स्टेशनात मालधक्क्यावर पोती उतरवायला जायचा, घरात दुसरं कुणी नाही, आणि दारापासून वीस पावलांवर बिनकठड्याचा आड. मुकुंदवाडीत कामाला जाणाऱ्या बाया लेकरांना बाजेच्या खुराला बांधूनच जायच्या. साळूबाईनंही जुन्या लुगड्याची तीन हात पट्टी फाडली, एक टोक आवडाच्या कमरेला, दुसरं खुराला. शेजारची म्हातारी चतुराबाई, डोळ्यानं अधू पण कानानं तिखट, मध्ये मध्ये येऊन बघायची. पलीकडच्या घरातल्या कारभारीचं पोरगंही असंच बांधलेलं असे. पट्टी पुरेल तिथवर ते दिवसभर बाजेभोवती रांगे, आणि तिथल्या जमिनीवर गोल रिंगण घासून निघे. ते रिंगण साळूबाईनं हसत हसत दोनदा बुजवून दिलं होतं. तिच्या आवडाचं तसलं काही नव्हतं. "माझ्या घरचं सारवण महिनाभर टिकतं," असं ती आडावर अभिमानानं सांगायची.

उस्मानपुऱ्यात कचेरीतले कारकून दत्तोपंत आणि त्यांची बायको कालिंदी यांच्या घरीही त्याच महिन्यात बाळ झालं होतं, आवडापेक्षा आठ दिवसांनी. त्यामुळं साळूबाईला आयतंच मोजमाप मिळालं. पाचव्या महिन्यात ते बाळ पालथं पडलं. मग पोटावर सरकायला लागलं, तेही आधी उलटंच. खुळखुळ्याकडं जायला निघायचं आणि मागं मागं जाऊन रडायचं. मग हातापायांवर उठून नुसतंच डुलायचं, पुढं जायचं धाडस नाही. हे सगळं साळूबाईनं ओल्या हातानं, उकिडवं बसून, डोळे भरून पाहिलं. तिला लळाही लागला त्या पोराचा. पण दर वेळी घरी परतताना ती बोटांवर महिने मोजायची. आवडा मोठी, तिनं हे आधी करायला हवं. आवडा उताणी ठेवली की उताणी, पालथी ठेवली की पालथी. मान धरायलाही तिनं फार दिवस लावले होते. हसायची मात्र गोड, सगळं तोंड भरून.

नवव्या महिन्यात कालिंदीच्या बाळानं उंबरा ओलांडला. घरात केवढा आनंद! उंबऱ्यावर गूळ-खोबरं ठेवलं, आळीत वाटलं. साळूबाईच्या हातावर मूठभर ठेवून कालिंदीनं विचारलं, "अगं, तुझी रांगते का?"

"नाय वैनी. बांधल्याली असती ना."

"मग बरोबर आहे. बांधून ठेवल्यावर कशी रांगेल बिचारी? चार दिवस मोकळी सोडून तर बघ."

साळूबाईचा जीव भांड्यात पडला. किती दिवसांत कुणी असं बोललं नव्हतं. म्हणजे दोष आपला. पट्टीचा. वाटेत ती स्वतःला शिव्या देत राहिली, कसली आई मी, लेकराला बैलासारखं बांधून जाते. आणि खरं सांगायचं तर त्या शिव्या तिला गोड लागत होत्या, कारण ज्या गोष्टीत आपला दोष असतो ती आपल्याला सुधारता येते. घरी जाऊन तिनं पदरातला गूळ आवडाच्या ओठांना लावला. "तुझाबी उंबरा करू गं माय," म्हणाली.

संधी लगेच आली. कालिंदीच्या भावाचं लग्न पैठणला निघालं, ते घर आठ दिवस बंद. बाकीच्या तीन घरी साळूबाईनं थाप मारली की हात दुखावलाय. पहिल्या दिवशी सकाळी ती शेण कालवायला बसली, पण जमीन पाहिली तर सारवायची गरजच नव्हती. बरं झालं, वेळ वाचला, असं म्हणून तिनं आवडाच्या कमरेची गाठ सोडली आणि तिला मधोमध पालथं ठेवलं. समोर हातभरावर पितळेचा पेला ठेवला, उन्हात चकाकणारा. मग स्वतः पलीकडं पालथी पडून टाळ्या वाजवायला लागली.

"ये माझी सोनी. ये. हिकडं बघ, लई मोठा पेला हाय."

आवडानं मान उचलली, आईकडं पाहून हसली, आणि मान जमिनीला टेकवली. साळूबाईनं पेला अर्ध्या हातावर आणला. मग वितीवर. मग बोटांना लावून ठेवला. संध्याकाळी पुंजाराम आला तेव्हा ती तशीच आडवी होती आणि चूल पेटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं गुडघे धरून दुमडून दिले. सोडले की ते पसरायचे. तिसऱ्या दिवशी तिनं आवडाला एक चापट मारली, मग तिला छातीशी धरून इतकी रडली की चतुराबाई काठी टेकत धावत आली.

चौथ्या दिवशी तिनं मन रमवायला पट्टी धुवायला काढली. बाजेच्या खुराशी बसून गाठ सोडताना तिची नजर जमिनीवर गेली. महिन्यापूर्वी फिरवलेल्या तिच्या हाताच्या वळ्या तिथं जशाच्या तशा होत्या, बोटं मोजून घ्यावीत अशा. कुठं घासलेलं नाही, कुठं उकरलेलं नाही. फक्त आवडा जिथं पडून असायची तिथं लाळेचा एक डाग. तिनं पट्टी उजेडात धरली. सुताला कुठं ताणही नव्हता.

कारभारीच्या पोराचं रिंगण तिला आठवलं. बांधलेलं लेकरूसुद्धा रांगतं. पट्टी पुरेल तेवढं रांगतं. आवडाला पट्टीनं कधी अडवलंच नव्हतं, कारण आवडा कधी निघालीच नव्हती. जगाच्या जमिनी वाचणाऱ्या बाईला आपल्या घरची जमीन इतके महिने हेच सांगत होती, आणि ती त्याचा अभिमान मिरवत होती. साळूबाई तिथंच बसून राहिली. आता स्वतःला शिव्या देण्याचीही सोय उरली नाही.

"रांगली का गं?" रात्री जेवताना पुंजारामनं विचारलं.

ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "कशी रांगंल लगीच? बांधल्याली व्हती ना इतके दिस. सवय लागाय पाहिजे."

"व्हय, ते बी खरंच," तो म्हणाला आणि पाणी प्यायला.

उरलेले दिवस तिनं पेला काढला नाही. दवाखान्याचा विचार मनात येऊन गेला, पण तिथं कुणीतरी ते तोंडावर सांगितलं असतं. नवव्या दिवशी उजाडताच तिनं शेण कालवलं आणि महिनाभर टिकलेलं ते सारवण पुसून घरभर नवा हात फिरवला. बाजेखाली मात्र तिनं खाली न बघताच हात फिरवला. जमीन सुकल्यावर आवडाला उताणी ठेवून तिनं पट्टी कमरेला बांधली, खुराला गाठ मारली, गाठीवर आणखी एक गाठ मारली, आणि ती पक्की बसली का हे दोनदा ओढून पाहिलं.

चतुराबाईनं दाराशी येऊन चाचपत आवडाच्या पोटावर हात ठेवला. "आगं, किती आवळलंस! आशी बांधल्यावर लेकरू रांगंल कवा?"

साळूबाईनं डोक्यावर पदर घेतला.

"म्हणूनच तर रांगत नाय ती, मावशी," ती म्हणाली आणि रुळाच्या वाटेला लागली.