दर रविवारी दहा मिनिटं

माझा धाकटा भाऊ सैन्यात आहे. सरहद्दीवर बदली झाली तेव्हा त्यानं आपली मोटरसायकल नाशिकला आमच्या पार्किंगमध्ये आणून लावली आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. "ताई, दर रविवारी दहा मिनिटं चालू ठेवायची. एवढंच." मी रोज स्कूटर चालवते, मला त्यात काही अवघड वाटलं नाही. उलट रागच आला, एवढंसं काम तीन-तीनदा काय समजावतोस म्हणून.

तीन महिने मी इमानेइतबारे किक मारली. मग मुलीची दहावी आली, मग सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, आणि खरं सांगायचं तर मग निव्वळ आळस. रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. "गाडी चालू केलीस?" "हो रे बाबा, केली." पहिल्यांदा जीभ अडखळली, पुढे सवय झाली. कॉल यायच्या आधी मी ओल्या फडक्यानं टाकी पुसून ठेवायचे. मोबाईल तिकडे फिरवला की टाकी चकाकायची, तो तिकडे खूश आणि मी इकडे निर्धास्त. असं दीड वर्ष चाललं.

पंधरा दिवसांची रजा मिळाल्याचं त्यानं कळवलं तशी मी किल्ली शोधून काढली. खाली जाऊन किक मारली. गाडी ढिम्म. टाकीचं झाकण उघडलं तर रंगाच्या जुन्या डब्यासारखा वास. ताजं पेट्रोल पडलं की होईल सुरू, असं वाटून मी कॅनमधून दोन लिटर आणून ओतलं. गाडी सुरू झाली नाहीच, पण वास मात्र बराच दबला. तेव्हाच फोन करून कबूल करायला हवं होतं. मी झाकण लावलं आणि वर येऊन स्वयंपाकाला लागले.

आमची आई दिंडोरीजवळ गावी राहते. दर रजेला हा तिच्याकडे गाडीवरूनच जातो. द्राक्षबागेच्या वळणावर गाडीचा आवाज आला की ती तवा ठेवते, मग भाकरी ताटात पडायला आणि हा दारात यायला एकच वेळ होते. याही खेपेला त्यानं नाशिकला आल्या आल्या तिला फोनवर सांगून टाकलं, "उद्या येतो."

सकाळी गाडी सुरू होईना. त्यानं टाकीत वाकून वास घेतला. "पेट्रोल तर ताजं आहे. आणि तू दर आठवड्याला चालू करत होतीस, म्हणजे कार्बोरेटर तुंबायचं कारण नाही. करत होतीस ना?"

"हो," मी म्हटलं.

त्या एका 'हो'वर विसंबून त्यानं भलतीकडेच शोध सुरू केला. प्लग बदलला, बॅटरी चार्ज करून आणली, वायरी सोडवून पुन्हा जोडल्या. ठिणगी झकास पडत होती. तो डोकं खाजवत होता आणि मी तासातासाला चहा नेऊन देत होते. बसनं जा म्हटलं, तर म्हणाला, "ती आवाजाकडे कान लावून बसली असेल." दुसऱ्या दिवशी आईचा मला फोन. "आज तरी निघाला का गं? माझं सारं ध्यान रस्त्याकडंच हाय." गाडी जुनी झालीय, असं मी तिला सांगितलं. माझी मलाच किळस आली.

तिसऱ्या दिवशी आम्ही गाडी ढकलत द्वारका चौकातल्या गॅरेजात नेली. ट्रकांच्या गर्दीतून तो पुढे हँडल धरून, मी मागून रेटा देत. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मेकॅनिकनं काही न विचारता कार्बोरेटर काढला आणि त्याची खालची वाटी उघडली. तळाशी वाळलेल्या काकवीसारखा पिवळट थर. पेट्रोल जायचं बारीक भोक पार बुजलेलं.

"दीड वर्ष तरी हात लागला नाही या गाडीला," तो म्हणाला.

"काहीतरी काय बोलता!" माझा भाऊ एकदम उसळला. "माझी ताई दर रविवारी चालू करते."

मेकॅनिकनं माझ्याकडे पाहिलं. मी टाकीकडे पाहत राहिले. तो पुन्हा वाटीवर वाकला आणि पुटपुटला, "मग पेट्रोलच खराब मिळालं असेल. हल्ली लवकर चिकट होतं." मला सांभाळून घ्यायचं त्याला काही कारण नव्हतं. मी तेही घेतलं.

टाकी रिकामी करून धुतली, वाटी साफ झाली, भोक मोकळं झालं. सगळं मिळून तासाभराचं काम. माझ्या भावाच्या पंधरा दिवसांतले तीन मी खाल्ले होते, आणि आईच्या वाट्याचेही.

रजा संपवून जाताना त्यानं किल्ली पुन्हा माझ्याच हातावर ठेवली. "तू होतीस म्हणून गाडी टिकली, ताई." सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं होतं. रिक्षा थांबलेली होती, तेवढं निमित्त मला पुरलं.

आता एकही रविवार चुकत नाही. त्याचा कॉल आला की मी गाडी चालू करते आणि मोबाईल सायलेन्सरपाशी धरून ठेवते. परवा तो हसायला लागला. "अगं, आवाज कशाला ऐकवतेस दर वेळी? तू केली म्हणालीस की झालं."