काठाला रक्त लागलेली हॅट

अमरावतीहून मी निघाले त्या सकाळी बाबांनी मनोजला पट्ट्याने मारलं. कारण एवढंच, की त्याने माझ्या बॅगेला दोरी सैल बांधली आणि जीपच्या टपावर चढवताना बॅग खाली आली. मनोज माझा धाकटा भाऊ. तेव्हा कॉलेजात होता, बाबांपेक्षा वीतभर उंच. तरी तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नागपूरला जायची जीप दारात घरघरत होती. निरोपाला आलेले शेजारी आपापल्या चपलांकडे बघत होते. मारताना बाबा कधी ओरडत नसत. तोंड मिटून, शांतपणे मारत. झाल्यावर त्यांनी पट्टा पुन्हा कमरेला लावला आणि मला म्हणाले, "चला, उशीर होतोय."

आईने माझ्या हातावर दही ठेवलं. ते मनगटावरून ओघळलं. "उन्हात डोकं झाकून फिर गं," एवढंच ती बोलली. अमेरिकेला निघालेल्या मुलीला सांगण्यासारखं तिच्याकडे बरंच असणार, पण त्या घरात आम्ही कामापुरतंच बोलायचो. जीप वळली तेव्हा मनोजने हात हलवला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

मी एम.एस. केलं, ह्यूस्टनला इंजिनिअरची नोकरी धरली, शुगर लँडला घर घेतलं. लग्न झालं आणि मोडलंही. त्यात कुणी कुणावर हात उचलला नाही, हे मी अजूनही मोठं मानते. मुलगी, सई, पदरात होती. अमरावती मागे पडली असं मी सगळ्यांना सांगायचे. पण एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या रांगेत लोक पट्टे काढायला लागले, बकलं खणखणली, की मी रांग सोडून मागे जायचे.

हॅट्सचा नाद लागला तो उन्हामुळेच. इथलं ऊन आमच्या वऱ्हाडासारखंच डोक्यात शिरतं, वर घामाची चिकचिक. गावाबाहेर एका घरी जुनं सामान विकायला काढलं होतं, तिथे मी सहज गेले. घर डोरिस नावाच्या म्हातारीचं. नवरा गुरं पाळायचा, नुकताच वारलेला. त्याच्या हॅट्स तिने जेवणाच्या टेबलावर मांडल्या होत्या. राखाडी फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक मी हातात घेतली. आत चामड्याची पट्टी, घामाने काळी पडलेली, त्यावर पुसट सोनेरी अक्षरांत त्याची आद्याक्षरं. मी काठाला धरून ती डोक्यावर ठेवली आणि आरशात पाहिलं. माझी मान ताठ झाली होती. बाबांच्या घरात मी मान वर करून कधी चालले नव्हते.

डोरिसने ती माझ्या भुवईपर्यंत नीट बसवली. म्हणाली, "हनी, एक लक्षात ठेव. दुसऱ्याच्या हॅटला इथे कुणी हात लावत नाही."

मग मी शिकत गेले. किटलीच्या वाफेवर बसलेला काठ कसा उठवायचा, फेल्ट कुठल्या दिशेने ब्रश करायचं, हॅट नेहमी उलटी का ठेवायची. वीकेंडला लहान लहान गावांतल्या अँटिकच्या दुकानांत ड्राइव्ह करत जायचे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीलाही मी साडीवर हॅट घालून गेले. कुलकर्णी काकू म्हणाल्या, "काय गं, घोडा कुठे पार्क केलास?" सगळ्या हसल्या, मीही हसले. हॅट मात्र काढली नाही.

सईला ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही दोघी अशाच एका दुकानातून परत येत होतो. गाडी तिच्या हातात. वाटेत गॅस, म्हणजे पेट्रोल, भरायला थांबलो. मी उतरले, नळी टाकीला लावली. डोक्यावर डोरिसकडची राखाडी हॅट होती.

पलीकडच्या पिकअपमधून एक माणूस उतरला. तांबडा चेहरा, तोंडाला बिअरचा वास. "कुणाची हॅट आहे ती?" त्याने विचारलं.

"माझी," मी हसून म्हटलं.

"तुझी नाही." तो पुढे आला. "तुम्हा लोकांना सगळंच हवं असतं." आणि त्याने काठ धरून ओढली.

मी सोडली नाही. का सोडली नाही, हे लोकांनी मला पुष्कळदा विचारलं. हॅटच तर होती. पण माझी बोटं सुटलीच नाहीत. त्याने मोकळ्या हाताची मूठ माझ्या तोंडावर मारली. गालाच्या आत काहीतरी कडकन मोडल्याचं मला ऐकू आलं. मी पंपावर आदळले, खाली पडले. त्याने बरगडीत लाथ घातली, मग दुसरी. एका डोळ्यात रक्त उतरलं होतं. दुसऱ्या डोळ्याने मला सईचे बूट धावत येताना दिसले.

तिच्या हातात पाण्याची स्टीलची बाटली होती, काठोकाठ भरलेली. पहिला घाव त्याच्या कानावर बसला. तो गुडघ्यांवर आला. दुसरा जबड्यावर. तो आडवा झाला, हात डोक्याभोवती घेऊन रडायला लागला. सई थांबली नाही. ती त्याच्यावर वाकून मारत राहिली, आणि मारताना ओरडत नव्हती. तोंड मिटलेलं. शांत.

तो चेहरा मी ओळखला. बरगड्यांपेक्षा तेच जास्त लागलं.

मी सरपटत गेले, तिच्या कमरेला मिठी मारली. "सई, बस! सई!" एक घाव माझ्या खांद्यावर पडला. तेव्हा कुठे तिने खाली पाहिलं. बाटली हातातून सुटली आणि घरंगळत गेली.

दुकानातल्या बाईने पोलीस बोलावले होते. कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. सुरुवात त्याने केली म्हणून सईवर केस झाली नाही. त्याला शिक्षा झाली. एका कानाने त्याला आता ऐकू येत नाही म्हणतात. माझ्या गालात धातूची पट्टी बसवली.

मी हॉस्पिटलमधून आल्यावर एका सकाळी सई नाश्त्याचा दूध-सीरियलचा वाडगा तसाच ठेवून म्हणाली, "आई, कॅन आय टेल यू समथिंग बॅड? ही वॉज डाउन. आय न्यू ही वॉज डाउन. अँड इट फेल्ट गुड."

तिने पाहिलेले आजोबा म्हणजे व्हिडिओ कॉलवर 'गुड गर्ल' म्हणणारे पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. त्या सकाळी मी तिला सगळं सांगितलं. भिंतीकडे तोंड करून उभा असलेला मनोजमामासुद्धा.

"अँड नोबडी स्टॉप्ड हिम?" तिने विचारलं.

"नाही."

तिने वाडग्यातलं दूध ढवळलं. मग म्हणाली, "यू स्टॉप्ड मी." आणि माझ्या दुखऱ्या खांद्याला हात न लावता मला बिलगली. पुढे ती काउन्सेलरकडे जायला लागली. मीही.

बाबांना कळलं तेव्हा ते व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "बायकांनी पुरुषाची टोपी घालावीच कशाला?"

"बाबा, मला माणसाने मारलं, हॅटने नाही," मी म्हटलं. "आणि मनोजलाही तुम्हीच मारलं होतंत. दोरीने नाही."

ते स्क्रीनवरून उठून गेले. रिकाम्या खुर्चीत आई येऊन बसली. पहिल्यांदाच घाई न करता म्हणाली, "दुखतं का गं अजून?" नंतर मनोजचा फोन आला. "तायडे, तुले आठवते ते? मले वाटे, तू गेली अन् विसरली." "नाही रे, काहीच विसरले नाही," मी म्हटलं. बराच वेळ फोन कुणी ठेवला नाही.

ती राखाडी हॅट पोलिसांनी परत दिली. वाफ दिली, ब्रश केला, तरी काठावरचा तपकिरी डाग गेला नाही. रक्त माझं की त्याचं, माहीत नाही. मी ती घालते. त्या गॅस स्टेशनवरसुद्धा घालून गेले. नळी स्वतः लावली, टाकी भरली.

आता मला कुणी विचारलं, घर कुठलं, तर मी अमरावती म्हणत नाही. शुगर लँडही चटकन तोंडी येत नाही. मला गेला रविवार आठवतो. भर दुपारी सई खुर्चीवर चढून हॅट काढत होती, तर हॅट्सचं अख्खं शेल्फ भिंतीतून निखळून खाली आलं. शेजारचा आरसा फुटला. काचा स्वयंपाकघरापर्यंत उडाल्या. माझे दोन्ही हात आपोआप डोक्यावर गेले.

मी पट्ट्याच्या आवाजाची वाट पाहिली. मग सईचा आवाज आला, "ऊप्स. सॉरी, आई. अनवाणी येऊ नकोस हं." आणि ती काहीतरी गुणगुणत काचा झाडू लागली.

मी हात खाली घेतले आणि चपला शोधायला लागले.