खाकी कव्हरं

खेडच्या आमच्या शाळेत ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं, आणि त्यांच्या किल्ल्या शाळेच्या क्लार्ककडे. नवं पुस्तक आलं की ते स्वतः खळ शिजवत, खाकी कागदाचं कव्हर चिकटवत आणि वर क्रमांक घालत. "टिकलं पाहिजे, सर. टिकलं तर पुढच्याला मिळेल," हे सांगताना ते माझ्याकडे नाही, कपाटाकडे बघत. माझ्या घरी पुस्तकं नव्हती. अशाच कव्हरांतली पुस्तकं वाचून मी पदवीपर्यंत पोचलो, म्हणून कव्हरांवरून मी कधी वाद घातला नाही.

शाळेत वेबकॅम आला तेव्हा आम्ही नाटे गावच्या शाळेशी व्हिडिओ कॉल ठरवला. मुलांनी एकमेकांना आवडलेली पुस्तकं सुचवायची होती. सातवीतली एक मुलगी तीन दिवस तयारी करून आली होती. तिने पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलं. पलीकडून एक मुलगा ओरडला, "काय गो, सगळी पुस्तकं खाकीच? पोलिसांची शाळा काय?"

तिकडचा वर्ग हसत सुटला. मुलीने पुस्तक खाली घेतलं.

दारात उभे असलेले क्लार्क आत आले. त्यांनी पुस्तक घेतलं आणि टेबलावरच्या ब्लेडने कव्हर कापून काढलं. खाली मुखपृष्ठावर निळ्या पाण्यात भला मोठा देवमासा होता.

"धर गो वर. दिसू दे त्यांना."

"देवमासा रे, बघ!" पलीकडून कुणीतरी म्हणालं आणि तिकडचं हसू थांबलं. मुलगी बोलू लागली.

क्लार्क मात्र गेले नाहीत. रांगेतल्या पुढच्या मुलासमोर हात पुढे करून ते हळूच म्हणाले, "आण तुझं."