अर्ध्यात अडकलेला हार

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. आमच्या शोभानं हा किस्सा अर्ध्या बालाघाटला सांगून झालाय, पण तिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकलेला बरा. निदान थोडी तरी अब्रू राहील!

कॅसेट मागे पडून सीडी आली होती, त्या वर्षांतली गोष्ट. मी लग्नांचं शूटिंग करायचो. जुना कंप्युटर धापा टाकायला लागला, म्हणून गोंदियाहून नवा आणला. मॉनिटर रेल्वेत मांडीवर घेऊन बसलो होतो, तान्ह्या बाळासारखा. घरी पूजा झाली, नारळ फुटला. शोभा पडद्यावरच स्वस्तिक काढायला निघाली होती, तिला वेळेत अडवलं.

या शोभाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, एक गुण सांगून ठेवतो. माहेरहून, रामपायलीहून, आलेला कपांचा सेट तिनं अकरा वर्षं शोकेसमध्ये ठेवला होता. एकाही कपाला चहा लागलेला नाही. आम्ही रोज कान तुटलेल्या कपातून पिणार. मी पाहुण्यांसमोर मुद्दाम म्हणायचो, "आमच्या घरचे कप पाह्यसाठी हाय, प्यायसाठी नाही!" ती नुसती हसायची. तेव्हाच घाबरायला पाहिजे होतं मी.

तर झालं काय, तिच्या धाकट्या बहिणीचं, मंदाचं, लग्न लागलं. शूटिंग कोणाचं? जावयाचं! सोमवारी मंदा नवऱ्यासोबत पुण्याला जाणार, म्हणून आदल्या रविवारी रामपायलीला दोन्हीकडचे लोक जमून फिल्म पाहणार असं ठरलं. मी भर मांडवात सासऱ्यांना सांगून टाकलं, "मामाजी, नवा कंप्युटर हाय आता. दोन दिवसांत फिल्म तुमच्या हातात!"

मामाजींनी ते चार सोयऱ्यांना सांगितलं. अभिमानानं, हो!

जुन्या कंप्युटरात उतरवून ठेवलेलं लग्नाचं शूटिंग वायरीनं नव्याला जोडलं आणि बसलो एडिटिंगला. वरमालेचा सीन आला. मंदानं हार उचलला, हात पुढे केले... आणि थांबली. मी थांबलो. नवरदेव मान वाकवून थांबला. बऱ्याच वेळानं हार दोन बोटं पुढे सरकला आणि पुन्हा थांबला.

आता दोष कोणाचा? माझा तर असूच शकत नाही! मी आधी व्होल्टेजला धरलं. फ्रिज बंद केला, मिक्सरवर बंदी घातली. शोभा पाट्यावर चटणी वाटत बसली. मग वाटलं, मशीन तापत असेल. मे महिना होता. घरातला एकुलता एक कूलर कंप्युटरकडे वळवला आणि आम्ही माणसं पुठ्ठ्यानं वारा घेत बसलो. मग सॉफ्टवेअर काढलं, पुन्हा टाकलं. तीनदा!

हार तिथेच.

शोभा चहा घेऊन आली, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माही बहीण कधीची सासरी गेली. तुमच्या कंप्युटरात अजून हार धरूनच उभी हाय. हात दुखत असन ना तिचे!"

तेवढ्यात मामाजींचा फोन. "जवाईबापू, झालं का? व्याही इचारून राह्यले."

"हौ, होऊनच राह्यलं, मामाजी."

फोन ठेवला आणि घाम पुसला. रविवारी रिकाम्या हातानं गेलो असतो, तर मामाजींची मान व्याह्यांपुढे खाली गेली असती, आणि माझी कायमची.

मग काय, सगळा राग गोंदियाच्या दुकानावर. फोनवर इतका ओरडलो की शेजारी बाहेर आले. "जुना माल नवा म्हणून इकता का? तुमचा माणूस पाठवा, नाही तं मीच मशीन घेऊन येतो!"

शनिवारी सकाळच्या गाडीनं दुकानाचे वानखेडेभाऊ आले. पन्नाशीचे, जाड चष्म्याचे, शांत मेकॅनिक. दहा मिनिटं मशीन तपासलं. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "भाऊ, ये तो पूरा खाली है. मंग लग्न कुठी हाय?"

मी टेबलामागे बोट दाखवलं. जुन्या कंप्युटरची डिस्क काढून, डब्यात घालून, रबरबँड लावून, वायरीनं नव्याला जोडली होती. सगळं लग्न तिच्यातच होतं.

"नव्या डिस्कमधे काहून नाही टाकलं?"

"काहून म्हणजे? नवीन हाय ना भाऊ! भरली का खराब होते."

दारात उभ्या शोभाच्या हातातला ट्रे खडखडायला लागला. हसू दाबत होती ती!

"भाऊ," वानखेडे म्हणाले, "एवढ्या बारक्या वायरीतून अख्खी वरात नेऊन राह्यले तुम्ही. नवं घर रिकामं, अन् वऱ्हाड जुन्या गोठ्यात! उतरवा ना त्याले आत."

दुपारपर्यंत लग्न नव्या डिस्कमध्ये उतरलं. मी बटण दाबलं. हार फटकन नवरदेवाच्या गळ्यात! दुकानाला फोन करून माफी मागायची होती, पण वानखेडे म्हणाले, "राहू द्या, रोजचंच हाय." शोभा मात्र त्यानंतर फोनवर बराच वेळ कोणाशी तरी बोलत होती.

रविवारी रामपायलीला फिल्म लागली. व्याही खूश, मामाजी तर मूठभर मांस चढल्यासारखे फिरत होते. "आमच्या जवायाचं काम हाय!" मीही पाय पसरून लोडाला टेकलो. जावयाचा मान, दुसरं काय!

मग चहा आला. सगळ्यांना कोरे, सोनेरी काठाचे कप. माझ्यापुढे मंदानं ठेवला तो कान तुटलेला, कडेला टवका उडालेला.

मी शोभाकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती.

"भाऊजी," मंदा अगदी साळसूदपणे म्हणाली, "तुमचा नवा कप फडताळात जपून ठेवला हाय. भरला का खराब होते ना!"

मामाजी सगळ्यांत मोठ्यानं हसले. मी कप उचलला. कान नव्हता, त्यामुळे बोटं भाजली, पण तक्रार कोणत्या तोंडानं करणार?